‘व्हॅम्पीर’ (१९३२) : भर उजेडातला चकवा

आमच्या भागात रात्री-बेरात्री वावरातून परतणारा माणूस रोजच्या धुऱ्यावरच वाट चुकला आणि तासभर चालूनही पुन्हा त्याच बाभळीखाली येऊन उभा राहिला, की त्याला चकवा लागला असे म्हणतात. चकव्याला तोंड नाही, दात नाहीत, तो कोणाचे रक्त पीत नाही. ओळखीची जागा अनोळखी करून टाकणे एवढेच त्याचे काम. कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘व्हॅम्पीर’ हा चित्रपट रक्त पिणाऱ्या प्रेताचा चित्रपट म्हणून ओळखला जातो, परंतु तो पाहताना मला प्रेतापेक्षा चकव्याचीच आठवण अधिक होत राहिली. पाहणाऱ्याला हा चित्रपट धरून ठेवील की कंटाळा आणील, हे तो चकव्याची गोष्ट किती मनापासून ऐकू शकतो यावर ठरेल, असे माझे मत झाले आहे.

मी हा चित्रपट दोनदा पाहिला. पहिल्यांदा इंटरनेटवर सापडलेल्या एका फिकट, घासलेल्या प्रतीत, तोही मोबाइलवर. तेव्हा अर्धा वेळ पडद्यावर राखाडी धुरळ्याखेरीज काही दिसले नाही आणि मी सगळा दोष प्रतीला दिला. दुसऱ्यांदा दुरुस्त केलेली प्रत मिळाली, आणि वर्धा नदीच्या काठच्या आमच्या गावात, कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या दिवसांत, शाळेच्या चुना दिलेल्या भिंतीवर छोट्या प्रोजेक्टरने ती आम्ही पंधरा-वीस जणांनी मिळून पाहिली. धुरळा तसाच होता. तो प्रतीचा दोष नसून दिग्दर्शकाने मुद्दाम घडवलेली गोष्ट आहे, हे तेव्हा कळले.

कथानकाचा आधार आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांच्या ‘इन अ ग्लास डार्कली’ या १८७२ सालच्या कथासंग्रहाचा आहे. त्या संग्रहातली ‘कार्मिला’ ही कथा ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीच्या पंचवीस वर्षे आधीची. मात्र ड्रायर यांनी तिच्यातून फारसे घेतलेले नाही. एक आजारी मुलगी, तिच्यावर सावट धरणारी एक स्त्री आणि गाडून ठेवलेल्या प्रेताचा बंदोबस्त एवढेच उरले आहे. अलान ग्रे नावाचा एक तरुण संध्याकाळच्या वेळी नदीकाठच्या एका खाणावळवजा धर्मशाळेत उतरतो. मध्यरात्री एक वृद्ध गृहस्थ त्याच्या बंद खोलीत येतो, ‘ती मरता कामा नये’ असे काहीसे पुटपुटतो आणि ‘माझ्या मृत्यूनंतर उघडावे’ असे लिहिलेले एक पुडके मेजावर ठेवून निघून जातो. ग्रे बाहेर पडतो, सावल्यांच्या मागे एका ओसाड कारखान्यापर्यंत जातो आणि तिथून त्या गृहस्थाच्या वाड्यावर पोहोचतो. वाड्यात दोन मुली आहेत, लिओन आणि जिझेल. पैकी लिओन अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिच्या गळ्यावर दोन बारीक जखमा आहेत. पुढचे सांगण्यात रस नाही, कारण कथेचा धागा खुद्द दिग्दर्शकानेच सैल सोडलेला आहे.

सैल हा शब्द मी तक्रार म्हणून वापरत नाही. या चित्रपटात एखादे दार उघडल्यावर पलीकडे कोणती खोली येईल याचा अंदाज बांधता येत नाही. ग्रे एका बाजूला पाहतो, कॅमेरा भिंतीवरून सरकत दुसरीकडेच जातो, आणि जे दिसते ते ग्रेला दिसले की फक्त आपल्याला, याचा उलगडा होत नाही. एका पायाच्या शिपायाची सावली स्वतःच्या वाटेने शिडी उतरून येते आणि बाकावर बसलेल्या शिपायाच्या अंगाला परत चिकटते. एक सावली खड्डा खणते, पण माती फावड्यातून खाली पडण्याऐवजी जमिनीतून उडून फावड्यावर येते, म्हणजे चित्रफीत उलटी फिरवली आहे. युक्ती अगदी साधी, तरी भिंतीवर पाहताना अंगावर काटा आला. कारखान्यात सावल्यांचा नाच रंगात आलेला असताना एक म्हातारी, कथेतले रक्त पिणारे प्रेत ती हीच, हात वर करून गप्प राहण्याचा हुकूम सोडते आणि वाद्ये, नाच, सगळे जागच्या जागी थांबते. आमच्यात बसलेले एक वयस्कर कास्तकार, ज्यांना आम्ही सगळे आबाजी म्हणतो, ते इतका वेळ तंबाखू मळत होते, ते मळणे थांबवून म्हणाले, “गुर्जी, ह्या पोट्ट्याले चकवा लागला ना जी! कोनी बसवा ना त्याले एका जागी.” चकवा लागल्यावर चालत राहू नये, आहे तिथेच बसून उजाडायची वाट पाहावी, हा आमच्याकडचा जुना उतारा आहे. पुढे ग्रे खरोखरच एका बाकावर बसतो, आणि चित्रपटातला सर्वांत भयंकर भाग तिथूनच सुरू होतो. आबाजी त्यानंतर काही बोलले नाहीत.

हा भाग शवपेटीचा. बाकावर बसलेल्या ग्रेच्या देहातून दुसरा, आरपार दिसणारा ग्रे उठतो आणि कारखान्यात जातो. तिथे एक शवपेटी ठेवलेली आहे. तिच्यावरचे कापड बाजूला करून तो पाहतो, तर आत तो स्वतःच उघड्या डोळ्यांनी पडलेला. झाकणाला चेहऱ्याच्या जागी काच आहे. येथून कॅमेरा पेटीच्या आत जातो आणि जे दिसते ते प्रेताच्या डोळ्यांनी दिसते: झाकणावर फिरणारा स्क्रू, काचेवर मेणबत्ती ठेवणारा हात, वाकून आत डोकावणारी म्हातारी. मग पेटी उचलली जाते आणि वर छत, दाराची चौकट, झाडांचे शेंडे, चर्चचा मनोरा आणि आभाळ असे एकामागून एक सरकत राहते. आपल्याकडे पेटी नसते. तिरडीवरच्या माणसाचा चेहरा उघड्या आभाळाकडेच असतो, आणि घरापासून नदीपर्यंत त्याच्या वरून दाराची चौकट, कडुनिंबाच्या फांद्या, विजेच्या तारा जातात. मी आजवर अनेकांना खांदा दिला आहे, पण तिरडीवरच्या माणसाला वाटेत काय दिसत असेल, हा विचार कधी केला नव्हता. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका परक्या चित्रपटाने तो करायला लावला, आणि केवळ या काही मिनिटांसाठीसुद्धा हा चित्रपट पाहण्याजोगा आहे.

आता त्या पांढऱ्या धुरळ्याविषयी, कारण माझ्या मते चित्रपटाचे मर्म तिथे आहे. छायाचित्रणकार रुडॉल्फ माटे यांनी सुरुवातीच्या दिवशी चित्रित केलेला भाग पाहताना, भिंगावर चुकून आलेल्या उजेडामुळे चित्र राखाडी उतरल्याचे लक्षात आले. ड्रायर यांनी ती चूक टाकून दिली नाही. तोच परिणाम साधण्यासाठी पुढे कॅमेऱ्यासमोर तलम जाळीचे कापड धरून त्यावर दिवा सोडला जाऊ लागला, जेणेकरून उजेड परत भिंगावर यावा. परिणाम असा, की या चित्रपटात काळोख जवळजवळ नाहीच. खोल्या फिकट आहेत, भिंती पांढऱ्या आहेत, रात्रीचे प्रसंगही पहाटेच्या धुक्यात घडल्यासारखे दिसतात. स्टुडिओत उभारलेल्या देखाव्यांऐवजी चित्रीकरण फ्रान्समधल्या कूर्तेंपिएर या खेड्यात आणि आसपासच्या खऱ्या वाड्यांत, ओस पडलेल्या इमारतींत झाले, त्यामुळे भिंतींचा पोपडा आणि जमिनीवरची धूळ खरी आहे.

भुताची गोष्ट म्हटली की अमावस्येची रात्र आणि विझलेला कंदील, ही आपली सवय. परंतु विदर्भातल्या कोणत्याही खेड्यातल्या आजीला विचारले तर ती भीतीची दुसरी वेळही सांगेल: वैशाखातली भर दुपारी बाराची. उन्हाने रस्ते पांढरे पडलेले, पाखरू बोलत नाही, सावली पायाखाली गेलेली, आणि अशा वेळी पोरांनी पिंपळाकडे किंवा पडक्या विहिरीकडे फिरकू नये, अशी ताकीद असते. त्या भीतीत लपलेले असे काही नसते. सगळे लख्ख दिसत असते आणि म्हणूनच पळून जायला कोपरा नसतो. ड्रायर यांच्या चित्रपटात फ्रान्समधले दमट धुके आहे, आपल्याकडचे कोरडे ऊन नाही, तरीही उजेडाला घाबरण्याची ही जात एकच आहे. त्याआधी १९२२ साली जर्मनीत निघालेल्या ‘नोस्फेराटू’तले लांब नखांचे प्रेत किंवा १९३१ चा अमेरिकी ‘ड्रॅक्युला’ पाहिलेल्यांना येथे काळा झगा आणि सुळे शोधूनही सापडणार नाहीत.

शेवटचा प्रसंग पिठाच्या चक्कीतला आहे. म्हातारीला साथ देणारा गावचा डॉक्टर पळत चक्कीत शिरतो आणि जाळीच्या एका पिंजऱ्यासारख्या खोलीत अडकतो. वाड्यावरचा जुना नोकर यंत्र सुरू करतो आणि वरून पीठ पडू लागते. किंकाळ्या फारशा नाहीत. पीठ गुडघ्यापर्यंत येते, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि चष्मा लावलेला तो पांढरा केसाळ चेहरा आणखी पांढरा होत जातो. ज्या गावात जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना, आहे, तिथल्या माणसाला हे दृश्य निराळेच भिडते. रुईच्या गंजीवर चढून उड्या मारणे हे आमच्या लहानपणीचे मोठे सुख होते आणि त्याबद्दल मिळालेला मार हे मोठे दुःख. मऊ, पांढऱ्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या ढिगात माणूस रुतला तर श्वास कोंडून मरतो, हे मोठ्यांना ठाऊक होते आणि आम्हाला नव्हते. भाकरीचे पीठ जीव घेते, ही कल्पना कोणत्याही सुळ्यांपेक्षा अधिक अस्वस्थ करणारी आहे. त्याच वेळी ग्रे आणि जिझेल डोंग्यात बसून धुक्यातून नदी ओलांडत असतात, आणि दिग्दर्शक आळीपाळीने एकदा पीठ दाखवतो, एकदा धुके. मरणारा आणि सुटणारा, दोघेही एकाच पांढऱ्या रंगात बुडालेले आहेत. चित्रपट संपतो तो सुटलेल्या जोडप्यावर नाही. चक्कीची दातेरी चाके हळू होत होत थांबतात, आणि पडदा मिटतो. जर्मनीतल्या सेन्सॉरने हा प्रसंग आणि म्हातारीच्या प्रेतात लोखंडी सळई ठोकण्याचा प्रसंग, दोन्ही कापायला लावले होते. कोणत्या दृश्यात धार आहे हे त्या अधिकाऱ्यांना चांगले कळत होते, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

चित्रपट गावात दाखवताना मला एका गोष्टीची धास्ती होती आणि ती येथे नोंदवणे मी कर्तव्य समजतो. कथेतली रक्तपिपासू प्रेतात्मा ही एक आंधळी, काठी टेकत चालणारी म्हातारी आहे, मार्गरीत शोपाँ नावाची. विदर्भाच्या काही भागांत आजही एकट्या म्हाताऱ्या बाईवर करणीचा संशय घेतला जातो, तिला मारहाण होते, आणि अशा प्रकारांसाठी महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अशा ठिकाणी म्हातारीच्या थडग्यात सळई ठोकल्यावर गावची मुलगी बरी होते, हे दृश्य निव्वळ करमणूक म्हणून भिंतीवर सोडून देणे मला जमले नाही. त्यात भर म्हणजे खलनायकाचा हस्तक डॉक्टर आहे, आणि आम्ही मास्तर मंडळी मात्र भगताकडे जाऊ नका, दवाखान्यात जा, असे घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो. म्हणून चित्रपट सुरू होण्याआधी मी दहा मिनिटे याच विषयावर बोललो. ते भाषण कोणाला आवडले असे वाटत नाही, पण मला त्याचा पश्चात्ताप नाही. ड्रायर यांच्या बाजूने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: ‘व्हॅम्पीर’नंतर त्यांना पुढचा कथाचित्रपट थेट १९४३ साली करता आला, आणि तो, म्हणजे ‘डे ऑफ राथ’, सतराव्या शतकातल्या डेन्मार्कमध्ये चेटकीण ठरवून जिवंत जाळल्या जाणाऱ्या वृद्ध स्त्रीपासून सुरू होतो. दोन्ही चित्रपट पाठोपाठ दाखवता आले तर माझी धास्ती बरीच कमी होईल.

डॉक्टरवरून आठवले. एका प्रसंगात तो ग्रेच्या हातातून रक्त काढून लिओनला चढवतो. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे रक्त चढवणे ही गोष्ट आमच्याकडच्या अनेक घरांना पाठ आहे, त्यामुळे या ठिकाणी भीती बाजूला राहिली आणि मागच्या रांगेतून गावच्या आशाताईंचा खणखणीत प्रश्न आला, “अन् रक्तगट नाही पाह्यला का डॉक्टरनं?” सगळे हसले. प्रश्न रास्त होता; रक्तगटांचा शोध चित्रपटाच्या तीस वर्षे आधीच लागलेला होता.

दोषही आहेत आणि ते लहान नाहीत. नायकाची भूमिका करणारे ज्युलियन वेस्ट हे प्रत्यक्षात निकोलस द गुन्झबर्ग नावाचे उमराव. चित्रपटाला पैसा त्यांनीच पुरवला आणि त्या बदल्यात मुख्य भूमिका घेतली. पुढे अमेरिकेत फॅशनच्या मासिकांचे संपादक म्हणून त्यांनी नाव कमावले, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडद्यावर इतका नीटनेटका आणि इतका रिकामा का आहे, याचा उलगडा झाल्यासारखे वाटते. झोपेत चालणाऱ्या माणसाच्या भूमिकेला तो रिकामेपणा काही अंशी शोभतो, परंतु जिझेलवर त्याचा जीव जडला आहे यावर मात्र विश्वास बसत नाही. मोजके कलाकार सोडल्यास इतर सगळे हौशी आहेत. व्यावसायिकांपैकी सिबिल श्मिट्झ यांनी लिओनच्या भूमिकेत एका जागी जे केले आहे ते विसरता येणार नाही: अंथरुणात रडणारी ही मुलगी हळूहळू वर पाहते, ओठ मागे ओढले जातात, आणि बहिणीकडे पाहणाऱ्या तिच्या डोळ्यांत भूक येते. रंगरंगोटी नाही, कॅमेऱ्याची करामत नाही, सगळे त्या चेहऱ्यावर घडते.

संवाद नाममात्र आहेत. चित्रपट जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत काढण्याचा बेत होता आणि आवाज नंतर भरायचा होता, म्हणून पात्रांना जितके कमी बोलायला लावता येईल तितके बरे, असा हिशेब झाला. रात्रभर खणखणीत संवाद ऐकवणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला ही शांतता जड जाते. त्याऐवजी वाचायला बरेच आहे: त्या पुडक्यातून निघालेल्या पुस्तकाची पानेच्या पाने पडद्यावर येतात, आधी ग्रे ती वाचतो, मग नोकर. मराठी उपशीर्षके कुठेही मिळाली नाहीत, त्यामुळे इंग्रजी वाचून मी मोठ्याने मराठीत सांगत गेलो, आणि पोथी वाचणाऱ्याभोवती बसावे तशी मंडळी सरकून जवळ आली. एकट्याने पाहताना याच पानांनी मला जांभया आणल्या होत्या. वोल्फगांग त्सेलर यांचे संगीत चांगले आहे, फक्त काही ठिकाणी ते गप्प राहिले असते तर बरे झाले असते.

मे १९३२ मध्ये बर्लिनला चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि ड्रायर यांना नंतर काही भाग कापावा लागला. मूळ निगेटिव्ह हरवलेली असल्यामुळे आज मिळणारी चांगली प्रत निरनिराळ्या जुन्या प्रतींवरून १९९८ साली जुळवलेली आहे, आणि पाहायची तर तीच पाहावी. इंटरनेटवर फुकट फिरणाऱ्या निकृष्ट प्रतींत ड्रायर यांचे धुके आणि प्रतीची खराबी यांतला फरकच कळत नाही. लांबी सव्वा तासाच्या आत आहे. मोबाइलवर पाहू नये, सावल्या हरवतात. चुन्याची भिंत पडद्यापेक्षाही बरी, असा माझा अनुभव आहे, मात्र प्रोजेक्टर भिंतीच्या फार जवळ ठेवू नये आणि वेगळा स्पीकर जोडावा, कारण मूळ ध्वनीच बारीक आहे. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना बसवू नये. आमच्याकडे दोघे आधीच झोपले होते, तिसरा मात्र जागा होता आणि दुसऱ्या दिवशी गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर जायला त्याने साफ नकार दिला, अशी तक्रार त्याच्या आईने माझ्याकडे केली.